तापमानवाढ माणसामुळे की निसर्गामुळे? वादविवाद स्पर्धेसाठी मुद्दे तपासून हवे आहेत

उंबरठा

कनिष्ठ महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे: 'जागतिक तापमानवाढीला माणूसच जबाबदार आहे.' परीक्षकांसाठी तीन-चार पानी टिपण करायचं आहे. विरोधी बाजूकडून हमखास येणारे मुद्दे असे:

१. निसर्ग दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यापुढे माणसाचा वाटा चार-पाच टक्के.
२. सूर्य तापला, म्हणून पृथ्वी तापली.
३. बर्फाच्या गाभ्यांत (जुन्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांत) आधी तापमान वाढतं, कार्बन नंतर.
४. तापमानाचे आकडे मागाहून 'दुरुस्त' केलेले आहेत. उपग्रह वेगळंच सांगतात.
५. ३१ हजार शास्त्रज्ञांनी सही करून हे नाकारलंय. याला उत्तर म्हणून दुसरी बाजू ९७ टक्क्यांचा आकडा फेकते.
६. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ मध्ये संपणार म्हणाले होते, ते खोटं निघालं.

'सगळे शास्त्रज्ञ म्हणतात' एवढ्यावर भागणार नाही. कोणता मुद्दा कुठे मोडतो, आणि कोणत्यात तथ्य आहे, हे आकड्यांसह हवं. शक्यतो मुलांना वहीत मांडता येईल असं गणित.

---

ताळेबंद

पहिल्या मुद्द्याचं गणित दहा मिनिटांत होतं. सुरुवात यानेच करा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

आधी एकक. वातावरणाचं वस्तुमान सुमारे ५१.५ लाख अब्ज टन. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे ५.१५ अब्ज टन. पण पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंत किती) हे रेणूंच्या संख्येचं माप आहे, वजनाचं नाही. हवेचा सरासरी रेणुभार २९, कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणून ५.१५ × ४४ ÷ २९ = ७.८. म्हणजे हवेत १ पीपीएम वाढ व्हायला ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो.

आता नोंद. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून सलग मोजणी आहे. १९६० ची वार्षिक सरासरी ३१६.९ पीपीएम, २०२० ची ४१४.२. वाढ ९७.३ पीपीएम. गुणिले ७.८, म्हणजे साधारण ७६० अब्ज टन.

याच काळात माणसाने कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून सोडला सुमारे १,३७० अब्ज टन. जंगलतोड आणि जमीनवापरातले बदल धरले तर आणखी अडीचशेच्या आसपास. एकूण १,६०० च्या वर.

आपण सोडलं १,६०० आणि हवेत वाढलं ७६०. उरलेलं गेलं कुठे? समुद्रात आणि झाडं-मातीत. म्हणजे या साठ वर्षांत निसर्गाच्या खात्यावर निव्वळ जमा आहे, खर्च नाही. वाढ निसर्गामुळे झाली म्हणणाऱ्याने आधी सांगावं, की आपला निम्म्याहून जास्त कार्बन पोटात घेणारा निसर्ग त्याच वेळी बाहेरही टाकतोय तो कसा?

मग चार-पाच टक्क्यांचं काय? तो आकडा खोटा नाही, अर्धा आहे. निसर्ग वर्षाला साताआठशे अब्ज टन सोडतो आणि जवळपास तेवढाच परत घेतो. सोसायटीच्या टाकीत रोज दहा हजार लिटर येतं आणि दहा हजार वापरलं जातं. कोणी बाजूने रोज चारशे लिटरचा पाइप सोडला, तर टाकी कधीतरी वाहणारच. 'चारशे म्हणजे चारच टक्के' म्हणून ती वाहायची थांबत नाही.

मुलं इथे तीन ठिकाणी हमखास चुकतात.

एक, कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची सरमिसळ. काही तक्ते कार्बनच्या टनांत असतात, काही कार्बन डायऑक्साइडच्या. गुणक ४४ ÷ १२, म्हणजे ३.६७. उत्तर साडेतीन-पावणेचार पटीने चुकलं की समजायचं, इथेच घसरले.

दोन, 'कार्बनचा रेणू हवेत चार-पाच वर्षंच टिकतो.' एखादा रेणू तेवढ्यात समुद्रात जातो हे खरं, पण त्याच्या जागी समुद्रातला दुसरा बाहेर येतो. ही अदलाबदल आहे, घट नव्हे. वाढलेली पातळी खाली यायला शतकं लागतात आणि काही भाग हजारो वर्षं राहतो.

तीन, ज्वालामुखी. जगभरचे मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनही होत नाही. माणसाचं चाळीसच्या आसपास.

हिशेबाला साक्षीदारही आहेत. झाडं हलका कार्बन-१२ जास्त घेतात, त्यामुळे कोळसा-तेलात कार्बन-१३ कमी असतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण सतत घसरतंय. ज्वालामुखीच्या वायूत ते इतकं कमी नसतं, त्यामुळे तो संशयित इथेही सुटतो. कार्बन-१४ तर कोळशात उरलेलाच नसतो, लाखो वर्षांत विरून गेलेला. झाडांच्या वर्तुळांत त्यामुळे झालेली पातळ भेसळ हान्स झ्यूस यांनी १९५५ मध्ये दाखवली. मात्र त्यानंतरच्या वर्षांसाठी कार्बन-१४ जपून वापरा. अणुचाचण्यांनी १९६३ च्या सुमारास हवेतलं त्याचं प्रमाण उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट केलं होतं, आलेख त्यामुळे भलताच दिसतो.

माझा आवडता साक्षीदार ऑक्सिजन आहे. कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि तो घटताना मोजलाय. समुद्र तापून नुसता कार्बन डायऑक्साइड बाहेर आला असता, तर ऑक्सिजन असा घटला नसता. (घाबरू नका. हवेत तो २१ टक्के आहे, श्वासाला काही फरक पडत नाही.)

---

तिरपी_किरणं

सूर्याचा मुद्दा घेतो.

वातावरणाबाहेर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट येतात. १९७८ पासून उपग्रहांवरून मोजमाप आहे. ११ वर्षांच्या चक्रात फरक पडतो साधारण १ वॉट. गल्लत पुढे होते. हा १ वॉट थेट हरितगृह वायूंच्या आकड्याशेजारी ठेवतात. पृथ्वी गोल आहे, म्हणून भागिले ४. त्यातलं ३० टक्के परावर्तित होतं, म्हणून गुणिले ०.७. हातात उरतं ०.१७ किंवा ०.१८ वॉट, तेही चक्राबरोबर वर-खाली होणारं.

आता कार्बन डायऑक्साइड. सोपं सूत्र: ५.३५ गुणिले (आताचं प्रमाण ÷ जुनं प्रमाण) याचा नैसर्गिक लॉगरिथम. औद्योगिक काळाआधी २८० पीपीएम, २०२४ मध्ये ४२४. उत्तर सुमारे २.२ वॉट. कॅल्क्युलेटरवर 'एलएन' दाबायचं, 'लॉग' नव्हे. 'लॉग' दाबलं तर ०.९६ येतं, आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून वाद सुरू होतो.

शिवाय दिशा बघा. २०१४ च्या आसपास कळस गाठलेलं सौरचक्र साधारण शंभर वर्षांतलं सर्वांत मंद होतं. आणि २०१४, २०१५, २०१६ ही लागोपाठ तिन्ही वर्षं तेव्हाच्या उष्णतेचे उच्चांक मोडून गेली.

पण निर्णायक पुरावा वरच्या थरात आहे. सूर्य जास्त तापला असता तर खालचा थर आणि वरचा स्थितांबर दोन्ही तापले असते. कार्बन डायऑक्साइडमुळे खालचा थर तापतो आणि स्थितांबर थंड होतो, कारण तिथे हा वायू उष्णता अवकाशात फेकण्याचंच काम जास्त करतो. मानाबे आणि वेदरल्ड यांनी हे १९६७ मध्ये गणिताने सांगितलं होतं. तेव्हा तिथली उपग्रहनोंद सुरूही झाली नव्हती. पुढे मोजलं तर २५ ते ५० किलोमीटर उंचीवर गेल्या साडेतीन दशकांत दोन अंशांच्या आसपास थंडावा आलाय.

एक सावधगिरी. स्थितांबराचा खालचा भाग पुरावा म्हणून देऊ नका. तिथे ओझोन घटल्यामुळेही थंडी आली होती आणि ओझोन सावरू लागल्यावर घसरण मंदावली. हुशार विरोधक नेमका तोच आलेख दाखवतो. वरचा भाग घ्या.

'दिवसापेक्षा रात्री जास्त तापल्या' हाही पुरावा लोक देतात. मी देत नाही. ढग, धूर आणि सिंचन यांचाही त्यात हात असतो, उलटतपासणीत टिकत नाही.

आणखी एक आक्षेप या यादीत नाही, पण येणार: 'कार्बन डायऑक्साइड शोषू शकतो तेवढी उष्णता केव्हाच शोषून झाली, आता वाढला तरी काय?' हा १९०० सालचा आहे, आँगस्ट्रॉम यांचा. जमिनीलगतच्या हवेपुरता तो ठीक वाटतो. पण उष्णता अवकाशात सुटते ती खूप वरून, जिथे हवा विरळ आहे. वायू वाढला की सुटण्याची जागा आणखी वर सरकते. तिथे थंड असतं, थंड थर कमी उष्णता सोडतो, आणि हिशेब जुळेपर्यंत खालचं तापत राहतं. परिणाम शून्य होत नाही, लॉगरिथमने मंदावतो. वरच्या सूत्रात तो धरलेलाच आहे.

---

उलटतपासणी

विरोधी बाजूला सरसकट अडाणी ठरवणारं टिपण करू नका, परीक्षक फसतील.

रिचर्ड लिंडझेन, जॉन क्रिस्टी, रॉय स्पेन्सर हे हवामानशास्त्रज्ञ म्हणजे विरोधी बाजूची खरी नावं. यांपैकी कोणीही 'कार्बन डायऑक्साइडने तापत नाही' असं म्हणत नाही. त्यांचं म्हणणं, तापतं पण कमी तापतं, ढग बराचसा परिणाम खाऊन टाकतात. म्हणजे वाद 'का' चा नाही, 'किती' चा आहे. प्रमाण दुप्पट झाल्यावर किती अंश वाढेल, हा तो प्रश्न. १९७९ च्या चार्नी अहवालात १.५ ते ४.५ अंश होतं, आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या) २०२१ च्या अहवालात संभाव्य पल्ला २.५ ते ४. एवढा पल्ला अजून शिल्लक आहे, हे विरोधी मुलाने मांडलं तर त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

चौथा मुद्दाही झटकू नका. क्रिस्टी-स्पेन्सर यांच्या उपग्रहमालिकेत तपांबराची (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराची) वाढ दशकाला ०.१५ अंशांच्या आसपास येते, जमीन-समुद्रावरच्या नोंदीत ०.२ च्या आसपास. फरक आहे. आणि शहरं तापतात हे कोणीही सांगेल. वेधशाळा पूर्वी माळावर होती, आज भोवती सिमेंट आहे. दुरुस्त्या कोण करतं, कशा करतं, हे विचारणं गैर नाही.

---

ताळेबंद

@उलटतपासणी, विचारणं अजिबात गैर नाही. म्हणूनच उत्तर तपशिलात.

उपग्रह तापमान मोजत नाही. हवेतला ऑक्सिजन सूक्ष्मलहरी सोडतो, त्या मोजून गणिताने तापमान काढलं जातं. म्हणजे 'कच्चा आकडा' इथेही नाही, उलट दुरुस्त्या जास्त. दोन मोठ्या त्रुटी सापडल्या. उपग्रह हळूहळू खाली घसरतो, त्यामुळे खोटा थंडावा दिसत होता. हे १९९८ मध्ये लक्षात आलं. दुसरी, उपग्रहाची एखाद्या जागेवरून जायची वेळ सरकते, म्हणजे दुपारचं माप हळूहळू संध्याकाळचं होतं. याची दुरुस्ती करताना चिन्ह उलटं पडलं होतं, अधिकच्या जागी उणे. २००५ मध्ये दुसऱ्या गटाने ती चूक दाखवली आणि क्रिस्टी-स्पेन्सर यांनी मान्य केली. दोन्ही वेळा दुरुस्तीनंतर वाढ वरच गेली. १९९० च्या दशकात 'उपग्रहांना तापमानवाढ दिसतच नाही' म्हणत होते, ते वाक्य तिथेच संपलं. उरलेला फरक वेगाचा आहे, दिशेचा नाही.

जमिनीवरच्या दुरुस्त्यांबद्दल बहुतेकांना माहीत नसतं, की संपूर्ण जगाचा विचार केला तर दुरुस्त्यांमुळे एकूण वाढ *कमी* दिसते. कारण समुद्र. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली सोडून पाणी वर घ्यायचे आणि त्यात तापमापक धरायचे. वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी थंड व्हायचं. नंतर इंजिनाला लागणारं पाणी जिथून आत येतं तिथे मोजू लागले, ते थोडं गरम. तसंच जोडलं तर वाढ फुगते. म्हणून जुने आकडे वर उचलावे लागतात, आणि आलेखाचा चढ कमी होतो. पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्र आहे, त्यामुळे या दुरुस्तीचं वजन सगळ्यांत जास्त. अमेरिकेच्या जमिनीवरच्या दुरुस्त्या मात्र चढ वाढवतात (तापमान वाचायची वेळ संध्याकाळवरून सकाळवर गेली म्हणून), आणि विरोधक बरोबर तेवढाच नकाशा दाखवतात.

शहरी उष्णतेचा मुद्दा बर्कली अर्थ गटाने तपासला. रिचर्ड म्युलर हे भौतिकशास्त्रज्ञ स्वतः या नोंदींवर शंका घेणारे. निधीत तेल-उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या संस्थेचे दीड लाख डॉलरही होते. ३६ हजारांहून अधिक केंद्रांच्या नोंदी घेतल्या आणि खेड्यांतली केंद्रं वेगळी काढूनही पाहिली. वाढ तीच आली. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीर लिहिलं, की वाढ खरी आहे आणि जवळपास सगळी माणसामुळे. समुद्राच्या मध्यात शहर नाही, तरी तोही तापलाच आहे, हे तर वेगळंच.

---

गोठणबिंदू

तिसरा मुद्दा, थोडक्यात. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा.

हिमयुगं संपण्याची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलांनी होते. थोडं तापलं की समुद्र कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो पुढची वाढ घडवतो. म्हणजे तिथे कार्बन सुरुवात करणारा नाही, वाढवणारा. आज सुरुवात कक्षेने केलेली नाही. कक्षेचा सध्याचा कल असलाच तर फार संथपणे थंडीकडे आहे, आणि कार्बन समुद्रातून नव्हे, धुराड्यांतून आलाय. कोंबडीतून अंडं येतं म्हणून अंड्यातून कोंबडी येत नाही असं कोणी म्हणत नाही.

८०० वर्षांच्या अंतराचा आकडा अंटार्क्टिकाच्या एका गाभ्यावरच्या २००३ च्या अभ्यासातला. इथे तांत्रिक मेख आहे. बर्फाचं वय आणि त्यात अडकलेल्या हवेचं वय एक नसतं. वरचे पन्नास-शंभर मीटर बर्फ भुसभुशीत असतं, हवा खेळती राहते, बुडबुडे त्याखाली बंद होतात. त्यामुळे हवा बर्फापेक्षा तरुण असते. व्होस्टोकसारख्या अतिकोरड्या ठिकाणी हा फरक काही हजार वर्षांचा होतो. तापमान बर्फावरून काढायचं आणि कार्बन हवेवरून, मग दोन कालरेषा जुळवताना थोडी चूक झाली की 'आधी-नंतर' बदलतं. नंतरच्या अभ्यासांत शेवटच्या हिमयुगाअखेरचं हे अंतर बरंच कमी निघालं.

मुलांनी लक्षात ठेवायचा आकडा दुसरा: आठ लाख वर्षांच्या गाभ्यात कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएमच्या मध्येच फिरला. आज ४२० च्या वर.

---

घाटमाथा

पाच, सहा, आणि विषयातला 'च'.

३१ हजार सह्या म्हणजे अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली ओरेगॉन याचिका. सहीची अट विज्ञानशाखेची पदवी एवढीच, म्हणून यादीत डॉक्टर आणि अभियंते भरपूर. त्यांच्याच वर्गवारीत हवामानतज्ज्ञ ३९. आणि मजकूर नीट वाचा. 'अनर्थकारक तापमानवाढ होईल याचा पटण्याजोगा पुरावा नाही' असं तो म्हणतो, 'माणसामुळे तापत नाही' असं नव्हे.

दुसऱ्या बाजूचा ९७ टक्केही तितकाच निष्काळजीपणे वापरतात. २०१३ च्या त्या अभ्यासात ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश तपासले. सुमारे दोन तृतीयांश सारांशांत कारणाबद्दल मतच नव्हतं. ज्यांत होतं त्यांतले ९७ टक्के 'माणूस' म्हणत होते. 'सगळ्या शास्त्रज्ञांपैकी ९७ टक्के' हे वाक्य चूक. माझ्या मते दोन्ही आकड्यांना शून्य गुण ठेवा, मुलं आपोआप पुराव्याकडे वळतील.

२०३५ ची चूक खरी आणि लाजिरवाणी होती. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या गटाच्या खंडात ती शिरली. आधार शोधनिबंधाचा नव्हता, एका संस्थेच्या अहवालाचा होता, आणि त्याचा उगम १९९९ च्या नियतकालिकातल्या मुलाखतीत. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांवरचा अहवाल काढला, तेव्हा आयपीसीसीच्या अध्यक्षांनी त्याची टर उडवली, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीलाच खेद व्यक्त करावा लागला. विरोधी बाजूला इथे गुण द्या. मात्र ही चूक परिणामांच्या खंडातली होती. तापमानवाढीचं कारण पहिल्या गटाच्या खंडात असतं, ते यामुळे हलत नाही. आणि हिमनद्या आटतायत, फक्त त्या वेगाने नव्हे.

आता 'च'. आयपीसीसी २०२१ नुसार १८५०-१९०० पासून २०१०-२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ १.०७ अंश, म्हणजे झालेली जवळपास सगळीच. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१. मौज अशी, की एकट्या हरितगृह वायूंची वाढ १ ते २ अंश आहे, आणि धूर-गंधकाच्या कणांनी ० ते ०.८ अंश थंडावा देऊन त्यातली काही झाकली. दोन्ही माणसाचंच. तेव्हा दीडशे वर्षांच्या वाढीपुरता 'च' टिकतो. एखाद्या वर्षाच्या चढ-उताराला टिकत नाही, तिथे एल निनो असतो.

कणांचा मुद्दा आपल्याकडे फार कामाचा आहे. 'भारत जगाइतका तापला नाही' असं कोणी म्हटलं तर ते बरोबर आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला भारताचा २०२० चा हवामान अहवाल १९०१ ते २०१८ मध्ये देशाची वाढ सुमारे ०.७ अंश सांगतो. हवेतले कण ऊन अडवतात, हे त्यातलं मोठं कारण. त्याच अहवालात १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्के घटल्याची नोंद आहे, ठळकपणे गंगेचं खोरं आणि पश्चिम घाटात. 'तापलं तर पाऊस वाढायला हवा ना?' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या कणांतच आहे. आणि याच काळात हिंदी महासागराचा उष्णकटिबंधीय पृष्ठभाग सरासरी १ अंशाने तापला.

---

उंबरठा

टिपणाचा सांगाडा झाला. सर्वांचे आभार. @उलटतपासणी, 'का' आणि 'किती' वेगळं करण्याची सूचना पहिल्याच परिच्छेदात घेतो.

एक राहिलं. प्राथमिक फेरीच्या लेखी उत्तरांत निम्म्याहून जास्त मुलांनी, दोन्ही बाजूंच्या, 'ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन आत येतं आणि पृथ्वी तापते' असं लिहिलंय. गुण कापायचे का?

---

तिरपी_किरणं

कापा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझोन अतिनील किरण अडवतो, ते सूर्याच्या ऊर्जेतला छोटा हिस्सा. ओझोन घटल्याचा जमिनीवरचा एकूण परिणाम उलट किंचित थंडाव्याचा आहे.

फक्त एका मुलाला सोडा: ज्याने लिहिलं असेल की ओझोन खाणारे सीएफसी वायू स्वतःच जबर हरितगृह वायू आहेत, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने तापमानवाढही थोडी रोखली. तसं कोणी लिहिलं असेल तर अंतिम फेरीत घ्या.